क्रॅपी अभ्यास मंडळ, शारजा शाखा

ठक्. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा ठक् ठक्, आणि भिंतीचा पोपडा फरशीवर पडल्याचा बारीक आवाज. शुक्रवारची, म्हणजे तिकडच्या सुटीची सकाळ. सगळं शारजा अजून पांघरुणात, खिडकीतला एसीसुद्धा नुकताच दमून थांबलेला. त्या शांततेत सुनेत्राच्या कुशीतला निनाद दचकला, झोपेतच त्याने तिच्या गळ्यात हात टाकला, एक पाय तिच्या पोटावर ठेवला आणि पुन्हा गाढ झोपला. बाहेर हॉलमध्ये तिचा नवरा दत्तप्रसाद भिंतीत खिळा ठोकत होता.

एखादी वस्तू ज्या प्रदेशात मुळीच मिळत नाही, तिचा सर्वांत सखोल अभ्यास त्याच प्रदेशात होतो, हे एक गंभीर सत्य आहे. जिथे ती मिळते तिथले लोक ती खाऊन मोकळे होतात, त्यांना अभ्यासाला सवड उरत नाही. या न्यायाने, गोड्या पाण्यातल्या क्रॅपी नावाच्या अमेरिकन माशाचा अभ्यास जगात कुठे व्हावा, तर तो संयुक्त अरब अमिरातीतच व्हावा, जिथे नदी नाही, तळं नाही, आणि गोडं पाणी म्हणजे खालच्या बकाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला पोऱ्या खांद्यावरून आणतो ती मोठी बाटली. हा अभ्यास १९९६ साली सुरू झाला. खिळा त्याचाच होता.

फ्लॅट दोन बेडरूमचा. एका खोलीत दत्तप्रसाद, सुनेत्रा आणि पाच वर्षांचा निनाद. दुसरीत वसईचे मॉरिस आणि अ‍ॅलिस, आणि त्यांची सात वर्षांची कॅमिला. हॉल, किचन आणि फ्रिज दोघांत. गल्फमध्ये याला शेअरिंग म्हणतात, आणि देशातल्या नातेवाइकांना पाठवायच्या फोटोत दुसरं कुटुंब येणार नाही अशा बेताने ते केलं जातं. दत्तप्रसाद एका पाइपांच्या कंपनीत पर्चेस ऑफिसर. मॉरिस दुबईच्या एका हॉटेलात बँक्वेट कॅप्टन, म्हणजे लोकांची लग्नं आणि परिषदा त्याच्या हाताखालून जेवून जात.

सुनेत्रा एका डेंटल क्लिनिकच्या रिसेप्शनवर दुपारपर्यंत बसायची. निनादची केजीची बस तिच्याआधी घरी पोचायची, आणि त्या बसपाशी उन्हात डोक्यावर ओढणी धरून उभी असायची ती अ‍ॅलिस. ती त्याला वर आणायची, भरवायची, निजवायची. सुनेत्रा आली की अ‍ॅलिस आपल्या ड्यूटीवर जायची, आणि मग कॅमिलाच्या वेण्या, गृहपाठ, रात्रीचा भात हे सुनेत्राकडे. दोघी रोज दारात भेटायच्या, एकीच्या चपला चढत असायच्या, दुसरीच्या उतरत.

"जेवला?"

"जेवला गो. भेंडी तेवढी खिशात भरली. चड्डी धुवायला टाकण्याआधी बघ."

ही व्यवस्था कुणी ठरवली नव्हती. तिच्यासाठी कुठलंही मंडळ स्थापन झालं नव्हतं, त्यामुळे ती उत्तम चालत होती. सुनेत्राला त्या दिवसांत आयुष्याकडून फार काही नको होतं. अ‍ॅलिस त्या किचनमध्ये असावी, एवढंच.

भिंतीवर लागला तो एक तक्ता होता. दत्तप्रसादच्या अमेरिकन साहेबाने सुटीवर जाताना ऑफिसातलं कपाट रिकामं केलं. कुणाला स्टेपलर मिळाला, कुणाला कॅलेंडर. दत्तप्रसादला मासेमारीची जुनी मासिकं आणि हा तक्ता मिळाला. त्यावर दोन मासे शेजारी शेजारी काढले होते. डावीकडे काळा क्रॅपी: पाठीवर सात किंवा आठ काटे, अंगभर विखुरलेले ठिपके, राहणार स्वच्छ, पाणवनस्पतींच्या पाण्यात. उजवीकडे पांढरा क्रॅपी: काटे पाच किंवा सहा, अंगावर उभे पट्टे, गढूळ पाण्यातही निभावून नेणारा. बाकी दोघे सारखेच दिसत होते. दोघांच्याही चेहऱ्यावर, चुकून दुसऱ्याच्या मीटिंगमध्ये येऊन बसलेल्या माणसाचे भाव होते.

दत्तप्रसादचं आजोळ मालवणकडचं. गोड्या पाण्यातल्या माशाला त्याने जन्मात मासा मानलं नव्हतं (चिखलाचा वास येतो म्हणून). पण तक्त्याला चिखलाचा वास येत नव्हता. तक्ता लॅमिनेटेड होता.

मॉरिस बर्म्युडावर, हातात चहाचा मग घेऊन बाहेर आला आणि तक्त्यासमोर उभा राहिला.

"बिल्डिंगचा नातूर बोंब मारेल हां दत्ता. भिंतीला खिळा चालत नाही त्याला."

"मारू दे. बघ तरी काय आहे ते."

मॉरिसने बराच वेळ बघितलं. "मला हा पांढरा बरा वाटतो. गढूळ पाण्यातपण जगतो. आपल्यासारखा."

"मला काळा," दत्तप्रसाद म्हणाला. "स्वच्छ पाण्याशिवाय राहत नाही. चॉइस आहे त्याला."

अशा रीतीने आशिया खंडात या प्रश्नावर दोन पक्ष पडले. (युरोपात अजून पडलेले नाहीत. तिकडे जागरूकता कमी.)

मंडळ पुढच्याच शुक्रवारी स्थापन झालं. नाव ठेवलं 'क्रॅपी अभ्यास मंडळ, शारजा शाखा'. मुख्य कार्यालय सोयीनुसार नंतर काढायचं होतं. बैठक शुक्रवारी सकाळी, मॉरिसची दुपारची ड्यूटी लागायच्या आत. सेक्रेटरी म्हणून खालच्या मजल्यावरचा सिद्धांत आला. तो एकटा राहणारा अकाउंटंट, मेसच्या जेवणाला कंटाळलेला. सभासदांची पाहणी केली असता असं दिसून आलं की ज्यांनी क्रॅपी प्रत्यक्ष पाहिला आहे असे शून्य, ज्यांचं क्रॅपीविषयी ठाम मत आहे असे दोन, आणि ज्यांना शुक्रवारी घरचं जेवण हवं आहे असा एक. सिद्धांतने शेवटपर्यंत तटस्थता राखली. सुनेत्राकडे सोलकढी असायची आणि अ‍ॅलिसकडे बाटली मसाल्याचं कालवण, त्यामुळे कुठल्याही एका बाजूला झुकणं त्याला परवडण्यासारखं नव्हतं.

मंडळाने थोड्याच काळात केलेलं काम पाहिलं की छाती दडपते. काट्यांच्या संख्येवर चर्चा झाली. सात काटे असलेला काळा आणि सहा काटे असलेला पांढरा यांच्यात नेमका एका काट्याचा फरक पडतो, मग तो एक काटा मोडला तर मासा पक्ष बदलतो का, यावर तीन बैठका झाल्या. मुलंही तयार होत होती. निनाद केजीत गेला तो "सेव्हन ऑर एट" म्हणत, आणि त्याच्या टीचरने त्याला गणितात हुशार ठरवलं.

प्रत्यक्ष पाहणीचा दौरा व्हायलाच हवा होता, आणि तो झाला. डोंगराकडे एक धरण आहे असं सिद्धांतला कुणीतरी सांगितलं होतं. दोन्ही कुटुंबं आणि सिद्धांत मिळून एका गाडीत बसून, मुलांना मांडीवर घेऊन, गळ, खुर्च्या आणि मोठा आइसबॉक्स (मासे आणायला) घेऊन तिथे पोचले. धरण होतं. पाणी नव्हतं. दोन वर्षं पाऊस नाही, असं तिथल्या वॉचमनने सांगितलं आणि तो पुन्हा निजला. मंडळ डगमगलं नाही. खुर्च्या काठावर मांडल्या गेल्या, आणि भेगाळलेल्या तळाकडे पाहत, इथे पाणी असतं तर ते स्वच्छ असतं की गढूळ, याचा विचार सुरू झाला. पाणी नसल्यामुळे निरीक्षणं अधिक वस्तुनिष्ठ झाली.

"स्वच्छच असणार. डोंगरातलं पाणी," दत्तप्रसाद म्हणाला.

"माती बघ ना बाबा खालची. गढूळ नाही तर काय?"

"माती तू बघ. तुला सवय आहे."

मॉरिस हसला. पण गाडीत बसताना तो पुढच्या सीटवर न बसता मागे मुलांत जाऊन बसला, हे सुनेत्राने पाहिलं. अ‍ॅलिसने पाहिलं. सेक्रेटरीने ते नोंदवलं नाही.

आणि मग साहेब सुटीवरून परत आला. आपला तक्ता इतका मनावर घेतला गेल्याचं ऐकून त्याला काय वाटलं ते कळायला मार्ग नाही, पण तो चांगला माणूस होता. त्याने बर्फाच्या डब्यातून खरोखरचा क्रॅपी आणला होता. काळा एका पिशवीत, पांढरा दुसऱ्या पिशवीत, मार्करने तसं लिहून. स्वतः पकडलेला, स्वतः साफ केलेला. म्हणजे डोकं नाही, कातडी नाही, काटे नाहीत, ठिपके नाहीत, पट्टे नाहीत. नुसते पांढरट तुकडे.

मंडळाच्या इतिहासातला तो सर्वोच्च क्षण. अडचण एवढीच झाली की पिशव्यांना घाम सुटला आणि फ्रिजमधून काढेपर्यंत मार्करची अक्षरं पुसून गेली. सुनेत्रा आणि अ‍ॅलिस सिंकपाशी उभ्या राहून दोन्ही पिशव्या उजेडात धरून पाहत होत्या.

"अहो, कुठली कुठली ते कळत नाही," सुनेत्राने किचनमधूनच सांगितलं.

"कळत नाही म्हणजे?"

"म्हणजे सारखेच दिसतात."

दत्तप्रसादने साहेबाला फोन केला. साहेब म्हणाला, कातडी काढली की आमच्याकडेही कुणाला ओळखू येत नाही, चवही तीच, आम्ही सगळे एकाच कढईत टाकतो. मंडळाने या मताची आदराने नोंद घेतली आणि साहेब या विषयात नवखा आहे असा निष्कर्ष काढला.

"खाल्ल्यावर मी सांगतो ना," दत्तप्रसाद म्हणाला.

"मीपण सांगतो," मॉरिस म्हणाला.

एक पिशवी सुनेत्राने रव्यात घोळवून तळली, दुसरी अ‍ॅलिसने बाटली मसाला लावून. अर्ध्यात मुलांनी येऊन दोघींच्या ताटल्यांतले तुकडे पळवले, मग तवा एकच असल्याने रवा आणि मसाला एकमेकांत मिसळला, मग तेल कमी पडलं, मग कुणाची पिशवी कुठली हे दोघींनाही सांगता येईना, आणि दोघी हसत सुटल्या. अ‍ॅलिसला तर कालथा हातात घेऊन ओट्याला टेकावं लागलं. सुनेत्राला पुढे पुष्कळ दिवस तो आवाज आठवायचा. त्या किचनमधलं ते शेवटचं हसणं आहे हे कळलं असतं तर तिने गॅस बंद करून आणखी थोडं हसून घेतलं असतं.

हॉलमध्ये गंभीर शांततेत आस्वाद चालला होता. दत्तप्रसादने डोळे मिटून एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि तिसरा होता त्या ताटलीवर बोट ठेवलं. मॉरिसनेही तसंच केलं आणि त्याच ताटलीवर बोट ठेवलं. सर्वांत चवदार मासा कुठला, यावर मंडळात प्रथमच एकमत झालं. प्रश्न फक्त तो काळा की पांढरा, एवढाच राहिला.

"काळा," दत्तप्रसाद म्हणाला. "ही चव स्वच्छ पाण्याचीच."

"पांढरा आहे. टेक्स्चर बघ."

"गढूळ पाण्यात वाढलेल्याला ही चव कुठून येणार मॉरिस?"

"चव तू मला नको शिकवू. पाचशे पाचशे लोकांची ताटं लावतो मी."

"लावतोस," दत्तप्रसाद म्हणाला. "बसून जेवत नाहीस."

सिद्धांत ताटात बघून हसला. त्याला तो विनोद वाटला, आणि कदाचित तो विनोदच होता. मॉरिसने हात धुतले, युनिफॉर्मचा काळा कोट हँगरवरून काढला, आणि ड्यूटीला अजून अवकाश असताना तो निघून गेला. किचनच्या दारात अ‍ॅलिस उभी होती, कालथ्यावरून तेल फरशीवर ठिबकत होतं.

त्या रात्री सुनेत्राने नवऱ्याला एवढंच म्हटलं, "उद्या त्यांना सॉरी म्हणा."

"कशाबद्दल? मी माशाबद्दल बोलत होतो."

"मासा मेलेला होता. मॉरिसभाऊ जिवंत आहेत."

"तुला नाही कळायचं. तत्त्वाचा प्रश्न आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात चपलांच्या वेळेला तिने अ‍ॅलिसला थांबवलं. "मनावर घेऊ नका म्हणावं त्यांना. यांचं तोंडच तसं."

अ‍ॅलिस बक्कल लावत खाली बघत म्हणाली, "तोंडाचं काय गो. हॉटेलात लोक याहून वाईट बोलतात, तो घरी येऊन आम्हाला सांगतो आणि आम्ही हसतो. पण हे घरीच बोलले ना. आता तो ते सांगायला कुठे जाणार?"

मतभेद झाल्यावर सुसंस्कृत माणसं मारामारी करत नाहीत, वाटण्या करतात. फ्रिजमध्ये वरचे दोन कप्पे काळ्यांचे, खालचे दोन पांढऱ्यांचे झाले, अंड्यांचा ट्रे दाराला असल्यामुळे वादग्रस्त भूभाग ठरला आणि तिथे कुणीच अंडी ठेवेना. गॅसच्या शेगड्या एकेक झाल्या. शेवटी दत्तप्रसादने पट्टी लावून तक्ता मधोमध कापला आणि उजवा अर्धा मॉरिसच्या खोलीच्या दाराला टेकवून ठेवला. तक्ता तुलनेचा होता, अर्ध्या तुलनेचं काय करायचं याचं मार्गदर्शन त्यावर नव्हतं. मुलांसाठी नियम करायचा राहून गेला, म्हणून कॅमिला आणि निनाद दोन्ही बाजूंचं चीज खात.

सुनेत्राने मग तिच्या आयुष्यातलं एकमेव भाषण केलं. बायका सभासद नव्हत्या, पण स्वयंपाक त्यांचा असल्यामुळे त्यांना निमंत्रित म्हणून बोलता येत होतं. ती ओले हात पदराला पुसत हॉलमध्ये आली. दत्तप्रसाद पेपरमागे होता, मॉरिस बूट पुसत होता, सिद्धांत जेवायला आला होता.

"माझा एक ठराव आहे," ती म्हणाली. "काळा आणि पांढरा एकच आहेत असं ठरवून टाका. तळताना मी बघितलंय. अ‍ॅलिसनेपण बघितलंय. काही फरक नाही."

दत्तप्रसादने पेपर खाली केला. मॉरिसने मान वर केली.

"असं कसं वहिनी," मॉरिस म्हणाला. "काट्यांचा फरक आहे ना."

"तेच म्हणतो मी," दत्तप्रसाद म्हणाला. "एकच कसे? सायन्स आहे ते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वाटण्यांनंतर प्रथमच. एक क्षण असा गेला की त्यात दोघांपैकी कुणीही चहा मागितला असता तर सगळं मिटलं असतं. मग सिद्धांतने ठराव एकमताने फेटाळल्याचं जाहीर केलं, पेपर वर गेला आणि बुटाचा ब्रश पुन्हा चालू झाला.

मॉरिसला शेजारच्या अजमानला खोली मिळाली. पिकअप आली, तिच्यात कपाट चढलं, गादी चढली, कॅमिलाची सायकल चढली. दत्तप्रसादला त्या सकाळी ऑफिसात अचानक काम निघालं. अ‍ॅलिस निनादला जवळ घेऊन बसली होती, त्याच्या बोटांची नखं कापत होती. सगळी कापून झाली. मग तिने पायांची घेतली.

"बसपाशी कोण येणार गो आता?" शेवटी तिने विचारलं.

"बघते काहीतरी."

"ऊन लागतं त्याला. टोपी घाल."

"घालीन."

काहीतरी म्हणजे हे, की बसवाला आता निनादला क्लिनिकच्या दारात सोडतो. रिसेप्शनच्या काउंटरखाली सुनेत्राने चादर घातली आहे. पेशंटचा ड्रिल सुरू झाला की तो दोन्ही कान झाकून तिच्या पायाशी सरकतो, आणि ती फोनवर "गुड आफ्टरनून, डेंटल क्लिनिक" म्हणत दुसऱ्या हाताने त्याचं डोकं थोपटते. डॉक्टरांनी एकदा वाकून पाहिलं आणि हे किती दिवस चालणार, असं विचारलं. इन्शाल्ला लवकरच खलास, असं ती म्हणाली.

रिकाम्या खोलीची जाहिरात दत्तप्रसादने स्वतः तयार केली आणि सुपरमार्केटच्या दारात चिकटवली: 'सुसंस्कृत फॅमिलीस शेअरिंगमध्ये खोली. शक्यतो महाराष्ट्रीयन. मनमिळाऊ. पूर्वग्रह नसलेले.' शेवटचे दोन शब्द त्याने जाड केले होते. येणाऱ्यांना तो आधी भाडं सांगत नसे. भिंतीवरच्या अर्ध्या तक्त्यासमोर त्यांना उभं करून, काय वाटतं, असं सहज विचारत असे. एका बिचाऱ्या पुण्याच्या इंजिनियरने उरलेला अर्धा कुठे आहे असं विचारलं, आणि तो नापास झाला.

वाचक इथे म्हणतील की मासा तो मासा, त्यावरून कुणी भरलं घर मोडतं का. बरोबर आहे. त्यांनी फक्त प्रामाणिकपणे आठवून पाहावं, की हे वाचताना कुठल्यातरी वळणावर त्यांनी मनातल्या मनात एक मासा निवडला होता की नाही. (अंदाजे साठ टक्क्यांनी पांढरा, कारण तो निभावून नेतो. बाकीच्यांनी काळा, आणि ते कबूल करणार नाहीत. माशाचं चित्र मात्र कुणीच पाहिलेलं नाही.)

शेवटी एक कुटुंब पसंत पडलं. नवरा, बायको, लहान मुलगी. तक्ता पाहून नवरा "छान आहे" एवढंच म्हणाला, आणि तो काळ्याबद्दल बोलतोय असं दत्तप्रसादने धरून घेतलं. ते येणार त्याच्या आदल्या दिवशी सुनेत्रा ती खोली पुसून घेत होती. निनादने एक फडकं मागून घेतलं होतं आणि तो खिडकीची कड पुसत होता, जिथे कॅमिलाने पेन्सिलने फुलं काढली होती तेवढी जागा सोडून.

"आई, द न्यू अंकल-आंटी, आर दे नाइस?"

"चांगले आहेत रे. तुला आवडतील."

"लाइक अ‍ॅलिस आंटी?"

"हो. हळूहळू होईल तसं."

निनादने फडकं बादलीत बुचकळलं, आपल्या इवल्या मुठींत जमेल तेवढं पिळलं, आणि थोडा विचार केला.

"देन व्हॉट विल वी फाइट अबाउट?"